पंडिता रमाबाई : थेंबाथेंबाच्या दानाने उभे राहिलेले घर

सुगी आटोपली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपकारस्तुतीचा सण होतो. कोणी ज्वारीची पायली आणतो, कोणी तुरीची, कोणी घरची कोंबडी तर कोणी चार अंडी. त्या दानाचा लिलाव होतो आणि जमलेल्या पैशाचे काय करावे याचा विचार सुरू होतो. अशा वेळी कोणी मुलींच्या शिक्षणाची गोष्ट काढली, तर बहुधा एकच शंका निघते. गावची शाळा संपलेल्या मुलीला तालुक्याच्या गावी ठेवून शिकवावयाचे, तिचे जेवण, कपडे, पुस्तके पाहावयाची, हे काम सरकारचे किंवा मोठ्या श्रीमंतांचे. आपल्या मूठभर धान्याने त्यात काय भर पडणार? ही शंका खोटी नाही. तथापि तिचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा एका बाईच्या चरित्राने द्यावे असे आम्हांस वाटते. त्या बाईचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात झाला. हे ठिकाण आता कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती भाषा शिकविली. या अपराधाबद्दल त्यांना उडुपी येथे धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी तो दिला खरा, परंतु लोकांची नाराजी गेली नाही. म्हणून त्यांनी रानात आश्रम बांधला आणि आपला हेका तेथे चालविला. पुढे कर्ज वाढले, आश्रम सुटला, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. रमाबाईंना अक्षरओळख झाली ती या भटकंतीत, आईच्या तोंडून. पहाटे कामाला लागण्यापूर्वी आई मुलीला उठवून श्लोक पाठ करून घेई. ज्या घरात आई शिकलेली असते तेथे शाळा नसली तरी मुलगी शिकते, याचा पहिला पुरावा रमाबाई स्वतःच होत्या.

१८७४ पासून मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. या कुटुंबाजवळ विद्या होती, पण मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. होते नव्हते ते दान करून झाले. भांडी गेली, दागिने गेले. शेवटी रानातील पाने व फळे यांवर दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. राहिली दोघे, रमाबाई आणि त्यांचे वडील बंधू श्रीनिवासशास्त्री. ही दोघे अनवाणी, पुरते पांघरूण नसता, हजारो मैल पायी हिंडली. भूक म्हणजे काय, आणि भुकेल्या मुलीकडे रस्त्यावरचा माणूस कोणत्या नजरेने पाहतो, हे रमाबाईंनी तेव्हा पाहिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वीस वर्षांनी तिचे फळ दिसणार आहे.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि आश्चर्यचकित होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी, १८८० साली, श्रीनिवासशास्त्री मरण पावले. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो ब्राह्मणेतर असल्यामुळे दोन्हीकडचे लोक रुष्ट झाले. संसार आसामात सिलचर येथे थाटला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या रोगाने पती गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई अनाथ, विधवा आणि एका तान्ह्या मुलीची आई झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका व आजारी बायकांना स्त्री डॉक्टर पाहिजेत अशी निकडीची मागणी केली.

येथे आम्ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करितो. कारण याच १८८२ साली याच विषयावर एक दुसरे पुस्तक पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे नाव 'स्त्रीपुरुषतुलना', आणि लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे येथे सरकारी कचेरीत कारकून होते व सत्यशोधक विचाराचे होते. त्यांनी आपल्या मुलीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. सुरतेच्या एका तरुण विधवेला शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी तेवढ्यावरून साऱ्या स्त्रीजातीवर दोष ठेवला. ते पाहून ताराबाईंनी पुरुषांच्या ढोंगावर कोरडे ओढले. त्या पुस्तकाचा इतका उपहास झाला की त्यांचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही. १८८५ साली जोतीराव फुले यांनी 'सत्सार' या आपल्या लहानशा पत्रिकेतून रमाबाई व ताराबाई या दोघींचीही बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे पुस्तक विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा महाराष्ट्राला त्याची ओळख झाली.

दोघींनाही घरीच शिक्षण मिळाले, एकीला बापाकडून तर दुसरीला आईकडून. दोघींनीही निर्भयपणे लिहिले. मग एकीचा आवाज बुलढाण्याच्या चार भिंतींत विरला आणि दुसरीचा आवाज सातासमुद्रांपलीकडे गेला, हे का झाले? बुद्धीत उणेपण होते म्हणून नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणे ताराबाईंच्या पाठीशी उभे राहणारे, त्यांच्या कामासाठी नियमाने चार पैसे टाकणारे कोणी जमले नाही. रमाबाईंच्या पाठीशी ते कसे जमले, ते आता सांगतो.

वैद्यकी शिकावी या इच्छेने रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. प्रवासखर्च त्यांनी कोणाकडे मागितला नाही. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून तो उभा केला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने व पतित स्त्रियांना हात देणाऱ्या त्या भगिनींच्या सेवेने त्यांच्या मनावर परिणाम झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी आपली विचारशक्ती कोणापाशी गहाण टाकली नाही. पंथाचे आचार्य सांगतील ते सर्व मुकाट्याने मानावे अशी अपेक्षा त्यांजकडून करण्यात आली, तेव्हा त्यांनी देवाने दिलेल्या विवेकाचा हक्क सोडण्यास नम्रपणे नकार दिला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या व स्वतःही शिकत राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळणार होती. ११ मार्चच्या त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्या परतल्या जवळजवळ तीन वर्षांनी. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. गावोगाव व्याख्याने दिली, शाळा पाहिल्या, बालोद्यानाची पद्धत अभ्यासिली. मागणे एकच होते. हिंदुस्थानातील तरुण विधवांसाठी असे एक घर पाहिजे की जेथे त्यांना अन्न मिळेल, शिक्षण मिळेल आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा धंदा मिळेल.

या मागण्यातून १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. कोणा एका कोट्यधीशाने थैली रिकामी केली असे झाले नाही. शहरोशहरी रमाबाईंच्या नावाने लहान लहान मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यावा आणि तो दहा वर्षे देत राहावे असा करार होता. वर्गणी देणाऱ्यांत शिक्षिका होत्या, घरकाम सांभाळणाऱ्या गृहिणी होत्या, विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी बहुतेकींनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. या व्यवस्थेत तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. देणगी लहान होती, म्हणून ती पुष्कळांना झेपली. मुदत ठरलेली होती, म्हणून काम करणारीला पुढच्या वर्षीच्या भाकरीची भ्रांत नव्हती, आणि ती कायमची मिंधीही होणार नव्हती. तिसरी गोष्ट अशी की, संस्था कोणत्याही पंथाची असू नये व तेथे धर्माची सक्ती असू नये अशी अट होती. देणाऱ्यांत निरनिराळ्या मतांचे लोक होते. मुलींच्या भल्याविषयी मात्र सर्वांचे एकमत होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. विद्यार्थिनी किती? दोन! त्यांपैकी एक गोदूबाई नावाची बालविधवा. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले व संख्या वाढू लागली. विधवेचे केशवपन करून तिला कोपऱ्यात बसविण्याचा तो काळ. अशा मुलींना येथे पुस्तके मिळाली, बाग मिळाली, मोकळेपणाने हसण्याची परवानगी मिळाली. ज्यांना आपले सोवळेओवळे पाळावयाचे होते त्यांना ते पाळू दिले जाई. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळात होते.

परंतु एक गाठ पहिल्यापासून बसलेली होती आणि ती केव्हा तरी सुटणे किंवा तुटणे भागच होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही, पण येणारीला हाकलणारही नाही, आणि माझ्या घरात देवाचे नाव दार लावून घेणार नाही. पालकांचे म्हणणे असे की, आम्ही मुली पाठविल्या त्या शिक्षणासाठी, आणि कोवळ्या वयात उघड्या दाराचे आकर्षणही सक्तीइतकेच बलवत्तर असते. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसपंचवीस मुली घरी नेण्यात आल्या. आम्ही ख्रिस्ती लोक ही हकीकत सांगताना एकाच बाजूने सांगतो. ते बरोबर नाही. रानडे व भांडारकर हे मुलींचे शत्रू नव्हते. विधवांसाठी त्यांनीही लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मतभेद प्रामाणिक होता. त्याची सर्वांत मोठी किंमत दिली ती त्या परत गेलेल्या मुलींनी. त्यांच्यापैकी कितींच्या हाती पुन्हा पुस्तक आले असेल, हा विचार मनाला आजही टोचतो. कोणत्याही संस्थेतील वडील माणसे भांडू लागली की जेवण आधी लेकरांचे बंद होते, हे आमच्या मंडळ्यांनाही ठाऊक आहे.

बोस्टनच्या मंडळाने मात्र या वादळात हात आखडता घेतला नाही. दहा वर्षांचा शब्द त्याने पाळला. आणि पहिली विद्यार्थिनी गोदूबाई? तिचा १८९३ च्या मार्चमध्ये प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. परंतु सदनात मिळालेले धैर्य तिने नव्या घरी नेले. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. तिच्यातून हिंगण्याची संस्था आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. आनंदीबाई या आश्रमासाठी दारोदार जाऊन वर्गणी मागत. १९३० च्या अखेरीस कर्वे वयाची सत्तरी उलटल्यावर आफ्रिका खंडात गेले. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजीबार अशा ठिकाणी फिरून त्यांनी तेथील आपल्या लोकांकडून विद्यापीठासाठी पैसा जमविला. म्हणजे बोस्टनच्या गृहिणीचा डॉलर आणि झांजीबारच्या दुकानदाराचा शिलिंग हे दोन्ही शेवटी महाराष्ट्रातल्या मुलीच्या पाटीवर येऊन पडले. आज आफ्रिकेतील खेड्यांत मुलींना शाळेत टिकवून धरण्यासाठी लहान लहान धर्मादाय मंडळे झटत आहेत असे वाचतो, तेव्हा आम्हांस वाटते की हे ऋण आपल्याही वहीत लिहिलेले आहे.

आता केडगावकडे वळू. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार हे ओळखून रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली होती. तेथे फळझाडे लावावी, त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत होता. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील हाल ऐकून रमाबाईंना आपली आई आठवली, बहीण आठवली. हातात पैसा नसता त्या निघाल्या. रस्त्यावर, झाडांखाली, दुष्काळी छावण्यांत त्यांनी मुली पाहिल्या. आणि त्या मुलींना फसवून नेण्यासाठी टपून बसलेली माणसेही पाहिली. त्यांनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे शहरात इतकी माणसे ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावच्या उघड्या शेतात राहुट्या ठोकल्या गेल्या. जी जमीन फळझाडांसाठी घेतली होती तिच्यावर लेकरे रुजली. हेच मुक्तिसदन.

१८९८ साली दहा वर्षांचा करार पुरा झाला. रमाबाई अमेरिकेस जाऊन हिशेब देऊन आल्या आणि तेथील मंडळ नव्याने उभे राहिले. पुढे १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. आमच्या वऱ्हाडालाही त्याने होरपळून काढिले. गुजराथ वगैरे भागांतून शेकडो मुली मुक्तीत आल्या व वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना नुसते पुस्तक पुरणार नव्हते. म्हणून शेती, दुधाची जनावरे, हातमाग, शिवणकाम, तेलघाणी, छापखाना असे धंदे निघाले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. येथे जात विचारली जात नव्हती. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झाले होते. दुष्काळाने ती भिंत पाडली.

या वर्षांत रमाबाई पुण्याच्या सार्वजनिक जीवनापासून दूर गेल्या. मुक्तीतील शिस्त कडक होती आणि उपासनेचा रंग सर्वांनाच रुचेल असा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्या कष्टांविषयी शत्रूलाही शंका नव्हती. साध्या मराठीत, खेड्यातील बाईला समजेल असे पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. ते मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच बायकांनी जुळविले व छापिले. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. कन्या मनोरमाबाई परदेशी शिकून आल्या होत्या. मुक्तीचा भार त्यांनी उचलला होता आणि गुलबर्ग्यास मुलींची शाळाही काढली होती. आपल्यामागे ती हे सर्व सांभाळील अशी आईची आशा. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. नऊ महिने लोटले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेविला. संपूर्ण शास्त्र छापून निघाले ते १९२४ साली. मुक्ती मात्र बंद पडली नाही. ती आजही केडगावी चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंच्या नावाचे टपाल तिकीट काढिले.

या चरित्रातून आमच्या जिल्ह्यातील मंडळ्यांनी काय घ्यावे? दोन हजारांचे मुक्तिसदन काढणे आम्हां कोणाच्या हातचे नाही. पण ज्या दोन मुलींनी शारदासदन सुरू झाले तितक्या दोन मुली आमच्या प्रत्येक गावात आहेत. आज मुलींना शाळेत फी नाही, एस. टी.चा पास मोफत मिळतो. तरीही आईबाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांना सांभाळावयास कोण राहते? शाळा सुटते ती कोणाची? लग्नाची घाई होते ती कोणाच्या? उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा एका मुलीसाठी मंडळीने वर्षाची रक्कम ठरवावी, ती किती वर्षे देणार हे आधी सांगावे आणि सांगितलेली मुदत पाळावी. तिच्या नावाचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांपुढे वाचावा. मुलगी आपल्या मंडळीची असो वा नसो, तिच्या मनावर आपल्या दानाचे ओझे ठेवू नये. आणि कमिटीत मतभेद झाले, ते होतीलच, तरी त्यासाठी तिची पुस्तके बंद करू नयेत.

मंदिरातील दानपेटीपुढे बसून आपल्या प्रभूने पाहिले ते श्रीमंतांच्या राशींकडे नव्हे, तर विधवेच्या दोन टोल्यांकडे. बुलढाण्याच्या ताराबाईंना त्या दोन टोल्या मिळाल्या नाहीत, रमाबाईंना मिळाल्या. पुढल्या सुगीला ज्वारीची पायली घेऊन येणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी, आपल्या गावातील कोणती मुलगी या दोघींपैकी कोणाच्या वाटेने जाणार, याचा घरून निघताना एकदा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.